दोघांचं गाणं, एकाचं नाव

६ जुलै १९६५, मंगळवार

मयताचं सामान पुरवणाऱ्या दुकानाने नाताळात फुकट वाटलेली ही डायरी आजवर कोरीच पडली होती. पानोपानी शवपेट्यांची जाहिरात. त्यात लिहावंसं कोणाला वाटणार? पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही, आणि बोलून दाखवण्यासारखं कोणी नाही.

दुपारी इस्त्री करत होते. शेजारच्या बर्निसच्या पोरींनी रेडिओ खिडकीत ठेवून ठणाणा लावलेला. इंग्लंडची ती केसाळ पोरं, 'द केटल्स' म्हणवतात स्वतःला. चहाच्या किटल्या. सगळ्या जगाच्या पोरी त्यांच्यामागे वेड्या झाल्यात म्हणे. मी खिडकी लावायला उठले आणि हात कडीवरच राहिला. ते आमचं गाणं होतं. 'लंगडं खेचर'. शब्द जरा इकडचे तिकडे केलेत, मागे ढोल बडवलेत, पण गिटार आमचीच. वर बोलते ती लाँझोची तार, आणि खाली पाय ओढत चालतं ते खेचर माझं. तिसऱ्या कडव्यात मी अर्धं पाऊल उशिरा आले होते, मेम्फिसच्या हॉटेलच्या खोलीत रेकॉर्ड करताना घाबरून. त्या पोराने ती चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली आहे.

बँकवाल्या साहेबांच्या शर्टावर इस्त्रीचा डाग पडला. उद्या बोलणी खाणार.

खरं लिहायचं तर आधी आनंद झाला आणि मग राग आला. तीस वर्षांपूर्वीच्या त्या रेकॉर्डवर छापलंय, 'लाँझो टार्पली, गिटारसह'. गिटारसह! त्यातली निम्मी गिटार मी होते, अठरा वर्षांची अर्डेला. लाँझो माझा सख्खा भाऊ, आठ वर्षांनी मोठा. आपल्या नावाशेजारी बहिणीचं नाव लिहून घ्यायला त्याला काय झालं होतं?

९ जुलै, शुक्रवार

लाँझो लाकडं कापायच्या सॉ मिलमधून, कामावरून येताना पत्र घेऊन आला. त्याची सगळी पत्रं मीच वाचते. त्याला अक्षर लावायचा कंटाळा. पत्र लंडनचं, त्याच किटल्यांमधल्या गिटारवाल्याचं. नाव टेरेन्स हॉब्डे, वय बावीस.

लिहितो, 'मिस्टर टार्पली, गेली चार वर्षं मी रोज तुमचं ते एक गाणं वाजवतोय. एका माणसाचा अंगठा आणि बाकीची बोटं इतकी वेगवेगळी कशी चालतात ते मला अजून कळलेलं नाही. लोक म्हणतात माझी वाजवायची तऱ्हा जगात दुसऱ्या कोणाकडे नाही. पण ती माझी नाहीच. तुमच्यापर्यंत पोचायच्या धडपडीत ती तयार झाली. आम्ही या महिन्यात अमेरिकेत आहोत. फिल्म काढणारे दोघं सोबत असतील. मला फक्त एकदा तुमचा हात बघू द्या.'

मला हसू आवरेना. चार वर्षं हा पोरगा दोन माणसांचं काम एकटा ओढतोय, आणि आपणच कमी पडतोय असं समजतोय.

"एकच माणूस समजतोय तो," मी म्हटलं.

"समजू दे," लाँझो म्हणाला, आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं. हसला नाही.

"आणि इथे आल्यावर काय वाजवून दाखवशील?"

"हात दुखतो म्हणेन."

तो गेल्यावर किती तरी वेळ चवळी सोलत बसले. सांगून टाक, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. का ते मलाच ठाऊक. न्यू हर्मन चर्चचा पियानो एकवीस वर्षं माझ्या हाताखाली आहे. आमच्याकडे जो सैतानाची गाणी वाजवतो त्याला 'खाली बसवतात'. म्हणजे सेवा बंद, बाकावर गप बसायचं, आणि मग सगळ्यांपुढे उभं राहून माफी मागायची. माझ्यासमोर तिघांना बसवलंय, आणि तिन्ही वेळा मीही हात वर केलाय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

माझा नवरा हेवुड याच चर्चचा डीकन होता, रेव्हरंडच्या हाताखालचा मानकरी. चार वर्षांपूर्वी गेला बिचारा. आपल्या बायकोने ज्यूकच्या, म्हणजे दारू-नाचाच्या अड्ड्यावर वाजवायचं गाणं रेकॉर्डवर वाजवलंय, हे त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

१३ जुलै, मंगळवार

लाँझोने त्यांना या म्हणून कळवलं. म्हणजे मलाच लिहायला लावलं.

भावाबद्दल असं लिहू नये, पण डायरी माझी आहे. लाँझोला देवाने हात दिला आणि चिकाटी द्यायची विसरला. ती रेकॉर्ड आली तेव्हा मेम्फिसच्या एका क्लबवाल्याने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पहिल्याच शनिवारी लोकांनी 'लंगडं खेचर' मागितलं, आणि याचा हात दुखायला लागला. पुढच्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारी क्लबवाल्याने सगळ्यांदेखत ढोंगी म्हणून हाकललं. मग हेलेना गावात तेच, मग क्लार्क्सडेलला तेच. 'रेकॉर्डवरचा लाँझो वेगळा असणार, हा त्याचं नाव लावून फिरतो,' असं लोक बोलायला लागले. शेवटी गिटार खुंटीला टांगली आणि सॉ मिल धरली. चार दिवस मेहनत घेऊन साथीला कोणी शोधला असता तर आज कुठे असता! माझ्यासारखे हात पैशाला पासरी मिळतात.

आणि लग्न नाही, चर्च नाही. रविवारी सकाळी ओसरीवर बसून पाइप ओढणार. मी चर्चला जाताना हात तेवढा वर करतो.

१९ जुलै, सोमवार

लाँझो मिलमध्ये असताना त्याच्या अंगणातल्या खोलीत गेले, झाडायच्या निमित्ताने. खुंटीवरची गिटार काढली. तारा नव्या आहेत. न वाजवणाऱ्या माणसाने नव्या तारा कशाला लावाव्यात, देव जाणे.

खालची तार सैल करून सूर उतरवला, आमची लावायची तशी. पियानोने बोटांची टोकं मऊ पडलीत. पण अंगठा काही विसरला नव्हता. मी न सांगता चालायला लागला.

दार लावून घेतलं होतं तरी सारखी तिकडे बघत होते. एकोणपन्नासाव्या वर्षाला टेकलेली बाई, आणि पीच चोरणाऱ्या पोरीसारखी. पंधरा मिनिटं वाजवलं. नंतर देवाची क्षमा मागितली, पण ती जरा घाईघाईतच.

२३ जुलै, शुक्रवार

आले. रस्ता दाखवायला आणि गाडी चालवायला त्यांनी गावातून कोणाला घ्यावं, तर ओडेलला. मदर प्रूटचा सख्खा पुतण्या. मदर प्रूट म्हणजे आमच्या चर्चमधल्या थोरल्या बायकांची प्रमुख. ती भुवई उचलते तेव्हा रेव्हरंडसुद्धा प्रवचन आवरतं घेतात. इथे जे होईल ते तासाभरात तिच्या स्वयंपाकघरात पोचणार.

लाँझोने गाडी घरामागे घ्यायला लावली. गोरी पोरं आम्हा काळ्यांच्या टेबलाशी जेवतात हे रस्त्यावरून दिसण्यात कोणाचाच फायदा नाही.

टेरी काडीसारखा बारीक, उन्हाने नाक सोललेलं. लाँझोपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मिस्टर टार्पली, तुमची भेट झाली, माझं भाग्य." लाँझोने मागे वळून पाहिलं, कोणाशी बोलतोय म्हणून. छप्पन्न वर्षांत गोऱ्या माणसाने त्याला मिस्टर म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मला मिसेस गेन्स म्हणाला. बँकवाल्यांची बारा वर्षांची मुलगी मला डेला म्हणते.

भेंडी, चवळी, मक्याचा ब्रेड आणि ताक. पोरगा तीनदा वाढून घेऊन जेवला. मग ओसरीवर त्याने आपली गिटार काढली, आणि लाजत लाजत 'लंगडं खेचर' वाजवलं. मी आत भांडी घासत होते. पाणी थांबवून ऐकलं. ढोल नाही, काही नाही, एकटा. दोघांना जे सहज जमायचं ते एकट्याने करताना त्याची बोटं एकमेकांवर आपटत होती, मध्ये तारा खणकत होत्या, आणि त्या आपटण्यातून तिसरंच काही तरी निघत होतं. ना लाँझोचं, ना माझं. छान होतं. मला ते आवडलं हे मान्य करायला हवं.

"आता तुम्ही," टेरी म्हणाला.

"आज हात दुखतोय," लाँझो म्हणाला.

दोन फिल्मवाल्यांपैकी जो थोराड आहे त्याने घड्याळ बघितलं. उद्या सकाळी म्हणाले. दुपारनंतर त्यांना मेम्फिसला परतायचंय.

२४ जुलै, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, नाही तर माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी लाँझो अंगणात दाढी करत होता. मी कॉफी घेऊन गेले.

"आजही दुखणार का हात?"

"दुखतोच."

माझं डोकं फिरलं. "त्या पोरासमोर स्वतःची शोभा करून घेशील, पण एक शब्द बोलणार नाहीस. आईच्या धाकाने तेव्हा गप्प बसलास, ठीक. आई जाऊनही चोवीस वर्षं झाली. दुसरी गिटार बहिणीची, एवढं कोणाला सांगवलं नाही तुला? होतं नव्हतं ते एक नाव, तेही वाटून घेववलं नाही?"

त्याने वस्तरा पुसला. सावकाश पुसला.

"मेम्फिसहून येताना ट्रकमध्ये काय म्हणालीस, आठवतं?"

"आईला कळू देऊ नकोस म्हणाले."

"कोणालाच कळू देऊ नकोस म्हणालीस. रडत होतीस. मी शब्द दिला."

"अरे, पण आई गेल्यावर..."

"आई गेली तेव्हा मी वाट बघितली. मग तू डीकनशी लग्न केलंस. म्हटलं, नवऱ्याला सांगेल, मग मी मोकळा. मग तू पियानोवर बसलीस." वस्तरा मिटून त्याने खिशात टाकला. "आता सांग, असं तू कधी म्हणालीस, डेला?"

"साथीला कोणी तरी घ्यायचास."

"घेतला असता तर लोकांनी विचारलं असतं, रेकॉर्डवर साथीला कोण होतं? मी काय सांगितलं असतं? मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. हात दुखतो, एवढं एकच येतं."

कॉफीचा कप माझ्या हातातच राहिला. मेम्फिसचा क्लब. हेलेना. क्लार्क्सडेल. ढोंगी, ढोंगी, ढोंगी. अकरा दिवसांपूर्वी याच वहीत मी त्याला चिकाटी नाही असं लिहिलंय. ते पान फाडणार होते, पण राहू दे. माझं मलाच वाचायला बरं. माझं नाव त्याने गिळलं असं मी इतकी वर्षं धरून बसले होते. गिळलं होतं ते त्याने स्वतःचं.

काही बोलणार तोच घरामागे गाडी वाजली.

त्यांनी ओसरीवर कॅमेरा मांडला. मी स्वयंपाकघरात पळाले. हो, पळालेच. शेंगा पुढ्यात घेऊन बसले, आणि खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. टेरीने विनवलं. लाँझोने हाताचं कारण सांगितलं. टेरी म्हणाला, नुसता अंगठा दाखवा, हळू, एकदाच. 

थोराड फिल्मवाला आवाज खाली आणून दुसऱ्याला म्हणाला, पण आमच्या खिडक्यांना कान आहेत. "हा तो नव्हेच. त्याच नावाचा भलताच कोणी तरी आहे. पोराची समजूत घाला आणि निघू या."

"मी तोच आहे," लाँझो म्हणाला.

"मग वाजवा ना."

 टेरीचा आवाज आला, अगदी लहान झालेला. "मिस्टर टार्पली, तुम्हीच आहात ना ते?" आणि लाँझोने उत्तर दिलं नाही. त्या पोराच्या तोंडून 'मिस्टर' ऐकून काल त्याचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं होतं. तोही मान तो आता माझ्यासाठी सोडून द्यायला निघाला होता, आणि मी शेंगा सोलत होते.

पायरीवर ओडेल बसलेला मला दिसत होता. त्याच्यामागे मदर प्रूट, रेव्हरंड, सगळं न्यू हर्मन दिसत होतं. उठले. ॲप्रनला हात पुसत बाहेर गेले.

"टेरी, ती गिटार दे इकडे."

तो गोंधळला, पण दिली. मी लाँझोशेजारची खुर्ची ओढली आणि खालची तार उतरवली. लाँझो माझ्याकडे न बघता म्हणाला, "डेला, ओडेल बसलाय."

"त्याला डोळे आहेत. बघू दे. तू वर धर."

आणि वाजवलं. त्याचा हात दुखत नव्हता. मुळीच दुखत नव्हता. दुसऱ्या कडव्यापर्यंत खेचर रस्त्याला लागलं. तिसऱ्यात अर्धं पाऊल उशिरा यायचं की वेळेवर, असा प्रश्न पडला, तर समोर तो पोरगा त्याच जागेवर मान झुकवायला टपलेला. उशिराच आले.

संपलं तेव्हा टेरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसतही होता. "दोघं," तो म्हणाला. "दोघं होता तुम्ही."

"माझी बहीण," लाँझो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने. "अर्डेला. माझी बहीण."

"म्हणजे मी चार वर्षं..."

"चार वर्षं दोघांचं काम एकट्याने केलंस, पोरा. आमच्या मिलमध्ये असतास तर मुकादमाने तुला खांद्यावर घेतलं असतं."

टेरी पायरीवर बसला. म्हणाला, दोघं आहेत हे माहीत असतं तर मीही जोडीदार शोधला असता, आणि चारचौघांसारखंच वाजवलं असतं. "माझ्याकडे जे काही आहे ते तुमचं नाव तिथे नव्हतं म्हणून आहे, मिसेस गेन्स. हे बरं झालं म्हणू की वाईट झालं?"

"दोन्ही म्हण," मी म्हटलं. "आणि नाव लिहून घे. अर्डेला टार्पली गेन्स. अर्डेलात दोन एल आहेत."

त्यांची गाडी गेल्यावर लाँझो आणि मी ओसरीवर बसून राहिलो. मी म्हटलं, "लाँझो, मला माहीत नव्हतं." तो म्हणाला, "बोटं मऊ झालीत तुझी, लोणी झाली आहेत." त्याला एवढंच बोलता येतं. मला पुरलं.

२५ जुलै, रविवार

चर्चमध्ये पियानोकडे निघाले तर रेव्हरंड क्रूम वाटेत उभे. "सिस्टर गेन्स, आज नको. पुढच्या रविवारी सभा घेऊ." आज पियानोशिवायच गाणी झाली. माझे हात मांडीवर चालत होते, ते मी बायबलखाली लपवले. मदर प्रूटने भुवई उचलली नाही. नुसतं बघत राहिली. ते जास्त वाईट.

२८ जुलै, बुधवार

रेव्हरंड घरी येऊन गेले. भला माणूस आहे. म्हणाले, फक्त एवढं म्हणा, 'झाल्या गोष्टीचं मला दुःख आहे.' पाच शब्द. लगेच सगळे हात मिळवतील आणि त्याच दिवशी पियानोवर बसा.

पाच शब्दांनी एकवीस वर्षं वाचतात. आरशापुढे म्हणून पाहिलं. येतं म्हणायला. पियानोशिवाय मी रविवारी काय करणार, हे मला कळत नाही. हेवुड गेल्यावर तेवढंच तर धरून उभी आहे.

१ ऑगस्ट, रविवार

सभा झाली.

रेव्हरंडनी मला पुढे बोलावलं. निळा ड्रेस घातला होता, पाच शब्द पाठ होते. लोकांकडे तोंड केलं तर शेवटच्या बाकावर लाँझो. मिलमधले बूट पुसून घातलेले, टोपी गुडघ्यावर. आईच्या मयतानंतर तो या दारातून आत आलेला नाही. त्याच्या आजूबाजूची जागा लोकांनी रिकामी सोडली होती.

"सिस्टर गेन्स," रेव्हरंड म्हणाले, "झाल्याचं तुम्हाला दुःख आहे ना?"

"लपवल्याचं आहे," मी म्हटलं. "देवापासून, हेवुडपासून आणि तुमच्यापासून तीस वर्षं लपवलं, त्याबद्दल माफी मागते. वाजवल्याचं नाही. ते मी भावाबरोबर वाजवलं, आणि मी नको म्हटलं म्हणून त्याने माझं नाव कोणाला सांगितलं नाही. लोक त्याला ढोंगी म्हणाले तरी नाही. त्याच्या तोंडचा घास गेला तरी नाही. आपण इथे दर रविवारी म्हणतो, दुसऱ्यासाठी स्वतःला बाजूला ठेवा. ते करणारा माणूस माझ्या अंगणात राहत होता आणि चर्चला येत नाही म्हणून मी त्याला नावं ठेवत होते. दुःख आहे म्हणायला आले होते, पण मला आभारच मानायचे आहेत. लाँझो, तुझे आभार मानते. सगळ्यांदेखत."

पुढच्या बाकावरच्या बायका मदर प्रूटकडे बघायला लागल्या. 

मग मदर प्रूट काठी टेकत उठली. "नियम तो नियम," ती म्हणाली. "तीन महिने खाली बसवा." थोडं थांबली. "आणि तीन महिन्यांत पियानोला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. झाकून ठेवा." मत घेतलं. हात वर झाले, मी मोजले नाहीत. रेव्हरंडनी पियानोचं झाकण लावलं, आणि मला वाटलं होतं तितकं ते लागलं नाही.

पुढच्या बाकावरची माझी जागा सोडून मी मधल्या वाटेने चालत शेवटपर्यंत गेले. लाँझोने टोपी उचलली आणि सरकून जागा केली. मी बसले.

"तीनच महिने?" तो माझ्या कानाशी म्हणाला. "मी तीस वर्षं बसलोय."